वाटाड्याला पैसे कशाला, म्हणणाऱ्यांसाठी

मा. संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

गेल्या रविवारच्या अंकात उत्तराखंडातल्या हर-की-दून खोऱ्याबद्दल एका वाचकाचं पत्र आलं आहे. मोबाईलमध्ये नकाशा असतो, पायवाट मळलेली आहे, मग वाटाड्याला पैसे कशाला द्यायचे, ते तर वाट्टेल ते सांगतात, असं त्यांचं म्हणणं. यातलं शेवटचं खरं आहे, मी स्वतः ऐकून आलोय. बाकीचं काही पटलं नाही. गेल्या ऑक्टोबरात मीही त्याच खोऱ्यात होतो. हर-की-दूनला मात्र पोचलो नाही, हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे नंतर कुणी म्हणायला नको.

मी सोलापूरच्या पूर्व भागातला. चादरीच्या कारखान्यात एकतीस वर्षं जॉबर होतो. विणकर लूम चालवतो आणि लूम रुसला की जॉबरला हाक मारतो. धोटा उडाला, पट्टा तुटला, नक्षी पाडणाऱ्या जकार्डचं कार्ड अडकलं, की हातातला चहा तसाच ठेवून पळायचं. या नोकरीनं मला दोन गोष्टी दिल्या. कुठलंही यंत्र दिसलं की वाकून त्याच्या खाली बघायची खोड, आणि अधू कान. मोठं बोललेलं ऐकू येतं, पण बारीक, चिरका आवाज पार गेला. घरची बेल वाजली की नातू येऊन सांगतो, तेव्हा मला कळतं.

सहलीचे पैसे लेकीनं भरले. "नाना, सगळा जन्म शेडमध्ये काढलात, आता जरा डोंगर बघून या," म्हणाली. (आमच्या घरात तेलुगू चालतं, बापाला नाना म्हणतात. भांडण आणि हिशोब मात्र मराठीत.) कंपनीच्या जाहिरातीत लिहिलं होतं, 'तज्ज्ञ मार्गदर्शकासह निसर्ग व संस्कृती दर्शन', आणि वर मोनाल पक्ष्याचा फोटो. सोलापूरहून कर्नाटक एक्स्प्रेसनं दिल्ली, तिथून डेहराडून, मग अख्खा दिवस जीप. मसुरी, पुरोला, मोरी करत नैटवाडला आलो. तिथं रुपिन आणि सुपिन एकत्र येतात आणि पुढं तिला टोन्स म्हणतात. ही टोन्स खाली डाकपत्थरजवळ यमुनेला मिळते. संगमावर टोन्सचं पाणी यमुनेपेक्षा जास्त असतं, तरी पुढं नाव यमुनेचंच चालतं. नैटवाडच्या चौकीवर गोविंद पशुविहार राष्ट्रीय उद्यानाची पावती फाडली आणि अंधार पडता पडता सांकरीला, जिथून चालायला सुरुवात होते तिथं, पोचलो.

तज्ज्ञ मार्गदर्शक म्हणजे एक पंचविशीतला मुलगा. तो त्या खोऱ्यातला नव्हता. सॅकला स्पीकर बांधलेला, गळ्यात शिट्टी. रोज संध्याकाळी सगळ्यांना गोल बसवून सांगायचा, उद्या इतके किलोमीटर, इतकी उंची, इतक्या वाजता शिट्टी. पोरगा वाईट नव्हता. लोकांची औषधं, डबे, भांडणं सगळं सांभाळायचा. पण त्याच्यासाठी ते खोरं म्हणजे एक रस्ता होता, आणि वेळेत संपवला की झालं.

सगळ्यांच्या शेवटी आणखी एक जण चालायचा. तिशीचा, ओसला गावचा. मागं कुणी राहू नये म्हणून त्याला शेवटी ठेवलेला. त्याला कुणी काही विचारत नव्हतं, आणि तोही आपणहून बोलत नव्हता. मी सगळ्यांत हळू चालणारा, त्यामुळं आमची जोडी आपोआप जमली. दुसऱ्या दिवशी ओसल्याच्या अलीकडं एका ओल्या दगडावरून घसरलो आणि गुडघा टम्म सुजला. लीडर म्हणाला, काका, तुम्ही गावातच थांबा, आम्ही वर जाऊन येतो, आणि या माणसाला माझ्याजवळ सोडून सगळे पुढं निघून गेले. शिट्टीचा आवाज मला तसाही ऐकू येत नव्हता. माझा ट्रेक त्या दिवशी सुरू झाला, असं मी धरतो.

मी त्याच्याच घरी राहिलो. घराची भिंत पाहून मी थबकलो. एक थर देवदाराच्या तुळईचा, त्यावर एक थर दगडांचा, परत तुळई, परत दगड. मध्ये सिमेंट नाही, चुना नाही. कोपऱ्यात दोन्ही बाजूंच्या तुळया एकमेकींवर येऊन खाचेत बसलेल्या. त्यानं माझा हात धरला आणि त्या खाचेत बोट घालायला लावलं. लाकूड किंचित सुटं होतं. "हलतं," तो म्हणाला, "म्हणून पडत नाही." १९९१ च्या ऑक्टोबरात उत्तरकाशीला भूकंप झाला, तेव्हा त्याच्या वडिलांनी रात्रभर या भिंती कुरकुरताना ऐकल्या होत्या. दगडाचा थर थोडा सरकतो, तुळई त्याला धरून ठेवते, आणि हादरा भिंतीतल्या भिंतीत जिरतो.

संपादक महोदय, तिथं मला किल्लारी आठवली. ३० सप्टेंबर १९९३ ची पहाट. आदल्या रात्री गणपती विसर्जन झालेलं. सोलापुरातही आम्ही भांडी वाजल्यानं जागे झालो होतो. तिसऱ्या दिवशी कारखान्यातून चादरींचे गठ्ठे ट्रकमध्ये घालून आम्ही चौघं तिकडं गेलो. चादरी पांघरायला नेल्या होत्या, बऱ्याच झाकायला वापरल्या गेल्या. ती घरं मला माहीत होती, माझ्या सासुरवाडीची घरं तशीच. हात-दीड हात रुंद भिंती, आत-बाहेर दगड आणि मध्ये मातीचा भराव, वर माळवदाची जड माती. भिंतीला आतून बांधून ठेवणारं काही नाही. हादरा बसला तशा दोन्ही बाजू फुटून सुट्या झाल्या आणि माळवद खाली आलं. तीस वर्षं मी समजत होतो की दगडाच्या घरानं माणसं मारली. ओसल्यात दगडाच्याच भिंतीत बोट घालून उभा राहिलो, तेव्हा कळलं की दोष दगडाचा नव्हता, बांधणीचा होता. मोबाईलवरच्या नकाशात ते घर असेलही. ती खाच नसणार.

घरापासून जरा लांब लाकडाचं एक छोटं, देखणं खोपटं होतं, दारावर कोरीव काम केलेलं. धान्याचं. नाव विचारलं तर म्हणाला, कोठार. मी हसलो, म्हटलं आमच्याकडंही कोठारच. घराला आग लागली तरी वर्षाचं दाणापाणी वाचावं, म्हणून ते वेगळं ठेवतात. सगळं लाकडाचं गाव, आगीची धास्ती बारा महिने. आत राजमा, मंडवा म्हणजे आपली नाचणी, आणि चौलाई. ही चौलाई मी शेतात पाहिली तेव्हा ओळखलीच नाही. पुरुषभर उंच ताटं, वर कोल्ह्याच्या शेपटीसारखी लालभडक कणसं, उतारच्या उतार पेटल्यासारखे. त्यानं एक कणीस तळहातावर चोळून फुंकर मारली, आणि खाली राहिला राजगिरा. उपासाचा लाडू साठ वर्षं खातोय, पण राजगिऱ्याचं झाड असतं तरी कसं, ते हिमालयात जाऊन कळलं.

दुसऱ्या दिवशी गुडघा थोडा उतरला, तसा तो मला काठी देऊन खाली ओढ्यावर घेऊन गेला. तिथं घराट होतं, म्हणजे पाणचक्की. आता हे जरा सविस्तर लिहितो, कारण माझ्या आवडीचं आहे आणि पत्रलेखकांनी याच घराटाच्या बाजूनं जाऊन एका ओळीत 'पुरातन चक्की' असं लिहून सोडून दिलंय.

वरच्या बाजूनं लाकडाच्या पन्हाळीतून पाणी तिरकं खाली येतं आणि खोलीच्या खाली आडव्या बसवलेल्या चाकाच्या पात्यांवर आदळतं. आपल्या डोळ्यांसमोर चित्रातलं उभं चाक असतं, तसं नाही. हे भोवऱ्यासारखं आडवं फिरतं. त्याचा दांडा खालच्या जात्याच्या मधल्या भोकातून वर येतो आणि वरची पाळ फिरवतो. ना गिअर, ना पट्टा. वर टोपली टांगलेली, तिच्यातून दाणे पडतात. आता पाळ जोरात फिरली तर दाणे जास्त पडायला हवेत, हळू फिरली तर कमी. हे कोण बघतं? टोपलीला एक काडी बांधलेली, तिचं दुसरं टोक फिरत्या पाळीवर टेकलेलं. पाळ खडबडीत, त्यामुळं काडी टकटक उडते आणि टोपलीला हिसके बसतात. पाळ जितकी जोरात, तितके हिसके जास्त, तितके दाणे जास्त. पाणी कमी झालं की सगळं आपोआप हळू. मी ती काडी बघत अर्धा तास उभा होतो. आमच्या लूममध्ये एक तार तुटली की लूम थांबावा म्हणून पत्र्याचे शेकडो तुकडे लोंबतात. इथं एका काडीत काम भागवलंय, आणि ती काडी मोडली तर दुसरी तोडायला झाड दारात.

मी खाली चिखलात आडवा होऊन चाक बघायला लागलो तशी दळायला आलेली बाई घाबरली. तिला वाटलं म्हातारा पडला. वाटाड्यानं तिला त्यांच्या बोलीत काहीतरी सांगितलं आणि दोघं खूप हसले. मागाहून मी विचारलं, काय सांगितलंस? म्हणाला, "मी म्हटलं, हे चक्कीचे डॉक्टर आहेत, मोठ्या गावाहून तपासायला आलेत." दळणाचे पैसे तिथं घेत नाहीत. घराटाचा मालक पिठातला वाटा ठेवून घेतो. त्या मंडव्याच्या पिठाची भाकरी रात्री खाल्ली, राजम्याबरोबर. भाकरी जरा जाड होती. आमच्या ज्वारीच्या कडक भाकरीची सर नाही, पण हे प्रेमानं खाऊ घालणाऱ्या घराला सांगायचं नसतं.

पक्ष्यांचं सांगतो. वाटेत तो सारखा थांबायचा, मान वाकडी करून म्हणायचा, "सुनिए." मी ऐकतोय असं तोंड करून उभा राहायचो. आम्हा शेडमधल्या माणसांना त्याची सवय असते. तीन-चारदा असं झाल्यावर त्यानं माझ्याकडं नीट पाहिलं. काही बोलला नाही. त्यानंतर एकदाही "सुनिए" म्हणाला नाही. खांद्यावर हात ठेवायचा आणि बोट करायचा. ओढ्यात असंच त्यानं एका दगडाकडं बोट केलं. साळुंकीएवढा, आखूड शेपटीचा, चॉकलेटी रंगाचा पक्षी दगडावर उठाबशा काढत होता. काढता काढता तो सरळ पाण्यात शिरला. वाहून गेला म्हणून मी ओरडलो. तर वरच्या अंगाला हातभर अंतरावर बाहेर आला, चोचीत अळी. हा डिपर. वाहत्या पाण्याखाली तळाला धरून चालतो आणि दगडांमागचे किडे खातो. त्यासाठी कान लागत नाहीत. मोनाल दिसेल का, असं विचारलं तर म्हणाला, जाहिरातीतला माझ्या हातात नाही. दिसला नाही. जाता जाता सांगतो, निवृत्तीनंतर पहिल्यांदा मला ओसल्यात गाढ झोप लागली. सुपिनचा रात्रभरचा आवाज डिट्टो शेडसारखा होता, ऐंशी लूम सुरू असल्यासारखा.

आता 'वाट्टेल ते सांगतात' याबद्दल. आमच्या शिट्टीवाल्या लीडरनं पहिल्याच रात्री सांगितलं होतं की ओसल्याचं देऊळ दुर्योधनाचं आहे, आणि असं देऊळ देशात दुसरं नाही. दुसरं नाही हे तर चूकच. आपल्या शेजारी अहिल्यानगर जिल्ह्यात, कर्जत तालुक्यात दुरगावला दुर्योधनाचं देऊळ आहे, आमच्या कारखान्यातला एक कांडीवाला त्याच भागातला होता. ओसल्याच्या देवळाला बाहेरचे लोक दुर्योधनाचं म्हणतात हे खरं, आणि टोन्सचं पाणी त्याच्यासाठी रडलेल्यांच्या आसवांचं आहे अशीही गोष्ट सांगतात. पण वाटाड्याला विचारलं तर त्याचा चेहरा जरा उतरला. म्हणाला, "तुम्ही लोक दुर्योधन शोधत येता. आमचा देव सोमेश्वर." देऊळ बंद होतं, देव तिथं नव्हता. तो पालखीत बसून गावोगाव फिरतो, ज्या गावात जातो तिथं मुक्काम करतो. हे मला लगेच समजलं. आमच्या ग्रामदैवताचे, सिद्धरामेश्वरांचे नंदीध्वज, म्हणजे मानाच्या उंच काठ्या, संक्रांतीला अडुसष्ट लिंगांना तेलाचा अभिषेक करायला निघतात, तेव्हा आम्हीही देव देवळात शोधत नाही, रस्त्यावर उभे राहून वाट बघतो. तेव्हा थापा मारणारे वाटाडे आहेत, कबूल. पण त्यावर उपाय वाटाड्या काढून टाकणं हा नव्हे. त्या गावचा वाटाड्या घ्या. गावातला माणूस आपल्या देवाबद्दल परक्याला खोटं सांगताना दहादा विचार करतो, कारण संध्याकाळी त्याला त्याच गावात राहायचं असतं.

घरातली म्हातारी दिवसभर टकळीवर लोकर कातत असायची. चालताना, बोलताना, गुरं हाकताना, हात थांबायचा नाही. मी सोबत सोलापुरी चादर नेली होती, ती निघताना तिला दिली. चादर दिली की लोक नक्षीवरून हात फिरवतात, मयूरपंख आहे का विचारतात. तिनं चादर घेतली आणि पहिल्यांदा उलटी केली. मागच्या बाजूला रंगांची अदलाबदल होते, ती तिनं पाहिली, मग काठाजवळची तार नखानं उचलून बघितली. ज्याच्या हातातून सूत गेलंय तोच कापड उलटं करून बघतो. एकतीस वर्षांत गिऱ्हाइकानं असं केलेलं मी दोनदा पाहिलं असेल. तिचा माग कुठाय म्हणून विचारलं, तर माळ्यावर बांधून ठेवलेल्या काठ्या दाखवल्या. बाजारात जाकीट स्वस्त मिळतं, विणायला कोण बसणार, असं काहीसं म्हणाली. तो हातवारा आमच्या गल्लीत रोज दिसतो, त्यासाठी भाषा लागत नाही.

पैशाचं राहिलं. सांकरी ते सांकरीचे लेकीनं कंपनीला साडेनऊ हजार भरले होते. त्यातून या माणसाला दिवसाचे सहाशे मिळत होते, शेवटी चालण्याचे. त्याच्या घरी राहिलो, जेवलो, त्याचे मी वेगळे दिले, ते घेतानाही तो अवघडला. पत्रलेखकांना वाटाड्याचे पैसे जास्त वाटतात. मला उलट वाटलं. त्या साडेनऊ हजारांत 'संस्कृती दर्शन' ज्याच्या जिवावर लिहिलंय, त्याच्या हाती फार थोडं पडतं. परतल्यावर मी कंपनीला तसं कळवलं. 'आपल्या अभिप्रायाबद्दल आभारी आहोत' एवढं उत्तर आलं. पुढच्या वेळी लेकीला सांगून थेट सांकरीत जाऊन माणूस ठरवणार आहे. दिवसाला दोन किलोमीटर चाललो तरी चालेल असा.

आपल्याही पुरवणीला एक विनंती आहे. हिमालयावरचे लेख येतात, त्यात उंची, अंतर, काय काय न्यायचं याची चौकट असते. वाटाड्या कोण होता, तो कुठल्या गावचा होता, हे एका ओळीत तरी येऊ दे. आमच्यातले बाकीचे अकरा जण हर-की-दूनला जाऊन आले. स्वर्गारोहिणी समोरून पाहिली, जिथून धर्मराज कुत्र्यासह गेले म्हणतात. फोटो फार सुंदर आहेत. त्या अकरांपैकी एकालाही ओसल्याच्या त्या माणसाचं नाव सांगता येत नाही.

आणि हिमालयाचंच कशाला? नान्नजचा माळ सोलापुरातून वीसेक किलोमीटरवर. १९७९ साली माळढोक पक्ष्यासाठी अभयारण्य जाहीर झालं तेव्हा त्याची हद्द ८,४९६ चौरस किलोमीटर होती, पुढं ती कमी करून १,२२२ वर आणली. माळढोक आता सहसा दिसत नाही म्हणून कुणी जात नाही. पण काळवीट आहेत, लांडगा आहे, आणि त्या माळावरचं गवत ओळखणारी, लांडग्याची वाट सांगणारी धनगरांची पोरं तिथल्याच वाड्यावस्त्यांवर आहेत. त्यांच्या मागून दोन तास चालायला कुणी पैसे दिले तर त्या माळाची किंमत गावालाही कळेल. चादरीला जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन आहे म्हणून आपण सांगत फिरतो, पण बाहेरगावच्या पाहुण्याला चादर विणताना बघायची असेल तर कुणाकडं न्यायचं, हे सोलापुरात शंभरात नव्वद जणांना सांगता येणार नाही.

निदान या दुसऱ्या, चादर विणताना दाखवायच्या कामात मी शेवटी चालणारा माणूस व्हायला तयार आहे. माझ्या जुन्या मालकांशी बोललो, त्यांची हरकत नाही. गुरुवारी सकाळी दहा ते बारा, एका वेळी पाचच जण, म्हणजे सगळ्यांना वाकून लूमच्या खाली बघता येईल. जकार्डचं एक कार्ड म्हणजे एक आडवी तार, हे मी दाखवीन. माझा नंबर आपल्या कचेरीत देऊन ठेवतो. पैसे द्यायचे असतील ते लूमवरच्या विणकराला द्यावेत, त्याचा वेळ आपण घेणार आहोत. येताना कानात घालायला कापूस मात्र आणावा.

आपला,
एक निवृत्त जॉबर
पूर्व भाग, सोलापूर